ओट्यावरची तीन फूट जागा

पत्र थोडक्यात असं: लातूरमध्ये क्लासेस आणि अभ्यासिकांच्या भागात या ताईंचं किराणा-स्टेशनरीचं दुकान आहे. गाळा भाड्याचा, करार दर वेळी 11 महिन्यांचा. दुकान त्या आणि त्यांचे सासरे मिळून चालवतात. रात्री साडेनऊला शटर खाली येतं. महिन्याभरापूर्वी पुतण्याच्या ओळखीतून एका कंपनीचा माणूस आला. दुकानाच्या ओट्यावर चिप्स, बिस्किटं आणि कोल्ड्रिंकचं व्हेंडिंग मशीन ठेवू द्या, मशीन आमचं, माल आमचा, तुम्ही फक्त जागा आणि लाइट द्यायची आणि विक्रीवर 10 टक्के कमिशन घ्यायचं, असा त्याचा प्रस्ताव. महिन्याला 30 हजारांची विक्री होईल, असं तो म्हणतो. छापील करार 3 वर्षांचा आहे. त्याआधी मशीन काढायला लावलं तर 40 हजार रुपये भरायचे, मशीनमध्ये असतो तसला माल दुकानात विकायचा नाही, मशीनला काही झालं तर जबाबदारी दुकानाची, आणि मुदत संपताना नोटीस दिली नाही तर करार आपोआप पुढे चालू, अशी कलमं त्यात आहेत. मुलगा म्हणतो, फुकट येतंय तर घे. सासरे म्हणतात, दारात परक्याचं दुकान नको. ताईंनी विचारलंय, "10 ऐवजी 15 टक्के मागितले तर चालेल का? जास्त ताणलं तर पुतण्याला वाईट वाटेल का?"

ताई,

15 टक्के जरूर मागा. पण ते मिळाले तरी या कागदावर सही करू नका. दुसरा कागद करून घेता येईल का, ते बघू.

आधी हिशोब मांडू, कारण तुमच्या पत्रात सगळी आकडेमोड कंपनीच्या माणसाचीच आहे. त्याचा 30 हजारांचा आकडा खरा धरू. 10 टक्क्यांनी तुम्हाला 3,000 मिळतील. आता लाइट. थंड पेयांचं मशीन म्हणजे फ्रिजच. तो रात्रंदिवस चालतो आणि त्याच्या काचेमागे दिवाही असतो. दिवसाला 6 युनिट आणि युनिटला सगळे आकार धरून 12 रुपये पकडले, तर महिन्याला 2,160 रुपये झाले. हातात राहिले 840. तुमचा खरा दर बिलावर बघा आणि मशीनचं खरं मोजमाप कंपनीकडून लेखी घ्या, आकडे थोडे इकडेतिकडे होतील. आता सगळ्यात महत्त्वाचं: त्या 30 हजारांतली निम्मी विक्री तुमच्याच गल्ल्यावरून तिकडे गेलेली असली तर? दुपारी चार वाजता जो मुलगा आत येऊन वेफर्स घेत होता, तो आता बाहेरच्या बाहेर स्कॅन करून निघून जाईल. अशा मालावर तुम्हाला सरासरी 12 टक्के सुटत असतील, तर 15 हजारांवरचे 1,800 गेले. म्हणजे महिन्याअखेरीस तुम्ही 960 रुपयांनी खाली.

आता हेच 15 टक्क्यांनी करा. 4,500 मधून लाइटचे 2,160 आणि गेलेले 1,800 वजा केले की 540 उरतात. आणि कमिशन 10 टक्केच ठेवून लाइट कंपनीने भरली तर? 1,200 उरतात. तुम्ही ज्या पाच टक्क्यांसाठी पुतण्याची मर्जी राखायची की नाही या चिंतेत आहात, त्यापेक्षा लाइटचं एक कलम मोठं आहे. म्हणून पहिली मागणी वेगळ्या सब-मीटरची करा. रीडिंग महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, दोघांच्या समोर, आणि पैसे त्यांचे.

हे 10 टक्के नक्की कशाचे, तेही करारात शोधा. "निव्वळ विक्री" असा शब्द असेल तर त्याची व्याख्या वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. कर वजा जाता, परतावे वजा जाता, खराब माल वजा जाता, असं त्यात बरंच काही दडलेलं असतं. कोल्ड्रिंकचंच बघा. सप्टेंबर 2025 पासून त्यावर 40 टक्के जीएसटी आहे. म्हणजे 20 रुपयांच्या बाटलीत कर सोडून 14 रुपये 29 पैसेच उरतात. कमिशन 20 वर धरलं तर 2 रुपये, करापूर्वीच्या किमतीवर धरलं तर 1 रुपया 43 पैसे. ग्राहकाने मशीनला दिलेली पूर्ण रक्कम म्हणजे विक्री, असं साध्या मराठीत लिहून घ्या.

ती विक्री तुम्हाला कळणार कशी, हा प्रश्न मला टक्क्यांहून मोठा वाटतो. आमच्या दुकानाच्या खांबाला एके काळी कॉइन बॉक्स होता. एक रुपया टाकला की बोलता येणारा तो फोनचा डबा तुमच्याही आठवणीत असेल. त्याची चावी वडिलांकडे असायची. रात्री डबा उघडून, नाणी मोजून, वहीत आकडा टाकूनच ते जेवायला बसत. टेलिफोनचं बिल आलं की वही आणि बिल शेजारी ठेवलं जायचं. तुमच्या ओट्यावरच्या मशीनची चावी तुमच्याकडे नसेल, आणि नोटा-नाणी तर नसतीलच. मुलं क्यूआर स्कॅन करतील, पैसे थेट कंपनीच्या खात्यात जातील आणि महिन्याअखेरीस ती सांगेल तो आकडा तुम्ही मान्य कराल. कंपनी खोटं बोलेल असं मी म्हणत नाही. पण हल्लीच्या मशीनची रोजची विक्री मोबाइलवर दिसते. कंपनी ती बघतच असते. तेच बघण्यापुरतं लॉगिन तुम्हालाही द्यायला लावा. त्याला नकार आला तर टक्क्यांवर बोलणंच थांबवा आणि ठोक भाडं मागा. ठोक भाडं तसंही वाईट नाही. "किमान इतके रुपये, किंवा विक्रीचे 10 टक्के, यातलं जे जास्त ते" असं ठरलं, तर मशीन बंद पडलं तरी तुमच्या जागेचं मोल बुडत नाही.

आता मुळाशी येते. दिवसा हे मशीन तुमचंच गिऱ्हाईक घेईल. त्याची खरी किंमत रात्री साडेनऊनंतर आहे. अभ्यासिकेतून अकराला, साडेबाराला बाहेर पडणारी मुलं उपाशी असतात आणि तेव्हा तुमचं शटर खाली असतं. तिथे होणारी प्रत्येक विक्री जास्तीची. तेव्हा विचारायचा प्रश्न असा, की साडेनऊनंतर माझ्या ओट्यासमोरून किती मुलं जातात आणि त्यांतली किती थांबतील? याचं उत्तर कंपनीकडे नाही, तुम्ही काढू शकता. आठ दिवस मुलाला साडेअकरापर्यंत दुकान उघडं ठेवायला सांगा. काय गेलं, किती वाजता गेलं, हे वहीत टिपून ठेवा. परीक्षांचे दिवस सोडून साधा आठवडा घ्या. रात्री तीन-चारशेचीच विक्री होत असेल, तर मशीनही त्याहून फार वेगळं काही करणार नाही, आणि तुम्हाला 3 वर्षांचा कागद लिहून देण्याची गरज नाही. हजार-बाराशेची होत असेल, तर कंपनीशी बोलताना तुमच्या हातात तुमचा स्वतःचा आकडा असेल.

सासऱ्यांचं म्हणणं तुम्ही पत्रात जरा बाजूला ठेवलंय, जुन्या वळणाचं म्हणून. मला ते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत व्यवहारी बोलणं वाटलं. गाळा तुमचा नाही. तुमचा करार 11 महिन्यांचा, आणि तुम्ही दुसऱ्याला 3 वर्षांचा शब्द देणार! उद्या मालकाने नूतनीकरण केलं नाही, तर मशीन काढावं लागेल आणि 40 हजारांचं कलम तुमच्या अंगावर येईल. शिवाय गाळ्याच्या करारांमध्ये जागेचा कोणताही भाग दुसऱ्याला वापरायला द्यायचा नाही, असं कलम बहुतेक वेळा असतंच. आधी तुमचा स्वतःचा करार काढून वाचा. मग मालकांना भेटा आणि त्यांची संमती लेखी घ्या, फोनवरचा होकार पुरणार नाही. आणि नव्या कागदात लिहा, की गाळ्याचा करार ज्या दिवशी संपेल त्या दिवशी हाही संपेल, कोणतीही भरपाई न देता. त्यासोबत हेही लिहा, की ही फक्त मशीन ठेवण्याची परवानगी आहे, जागेवर कंपनीचा कसलाही हक्क नाही.

ओट्याचंही एकदा मोजमाप करा. पुष्कळ ठिकाणी दुकानाचा म्हणून वापरात असलेला ओटा प्रत्यक्षात नालीवर किंवा महापालिकेच्या जागेत आलेला असतो. अतिक्रमणाची गाडी आली तर मशीन उचललं जाईल आणि "जबाबदारी दुकानाची" हे कलम तेव्हाही लागू असेल. मशीन गाळ्याच्या हद्दीत बसत नसेल तर विषय तिथेच मिटवा.

या जबाबदारीच्या कलमाबद्दल थोडं सविस्तर सांगते. 1872 चा करार कायदा म्हणतो, की दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे ठेवली असेल तर साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तितकी काळजी घ्यावी. तेवढी घेऊनही नुकसान झालं, तर ठेवून घेणाऱ्यावर बोजा येत नाही, वेगळा करार केलेला नसेल तर. तुमच्यापुढचा छापील कागद म्हणजे नेमका तो वेगळा करार आहे. सही न करता तुम्ही जास्त सुरक्षित आहात, सही करून तुम्ही कायद्याने मिळालेलं संरक्षण सोडताय. रात्री कुणी काच फोडली, विजेचा दाब वाढून बोर्ड जळला, पावसाचं पाणी शिरलं, तर ते मशीनच्या मालकाचं नुकसान. त्याने विमा काढावा. तुम्ही एवढंच कबूल करा, की बिघाड दिसला तर त्याच दिवशी कळवाल.

40 हजारांच्या दंडाचंही तसंच. त्याच कायद्यानुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, न्यायालय त्याच्या आत वाजवी तेवढीच भरपाई देतं. पण त्यावर निर्धास्त राहू नका. तिथपर्यंत जायला वकील लागतो, वेळ लागतो, आणि करारात वाद दुसऱ्या शहरातल्या न्यायालयात चालवायचा असं लिहिलेलं असेल तर रेल्वेचं तिकीटही लागतं. वाद लातूरच्या न्यायालयात, आणि दोन्ही बाजूंना 30 दिवसांच्या नोटिशीवर बाहेर पडायची मुभा, असं करून घ्या. पहिले 3 महिने चाचणीचे. तुम्हाला वाटतं तसं छापील कागद म्हणजे दगडावरची रेघ नसते. तो कंपनीच्या वकिलाने कंपनीसाठी लिहिलेला पहिला मसुदा असतो. रेघ मारा, शेजारी लिहा, दोघांनी तिथे सही करा. किंवा नवीन कागदच टाइप करून घ्या. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून अशा कामांना 100 ऐवजी 500 रुपयांचा मुद्रांक लागतो, तो खर्च निम्मा-निम्मा वाटा.

"तसला माल दुकानात विकायचा नाही" हे कलम मात्र दुरुस्त करायचं नाही, पूर्ण काढायचं. चिप्स, बिस्किटं आणि कोल्ड्रिंक काढून घेतल्यावर क्लासेसच्या भागातल्या दुकानात वह्या-पेन सोडून उरतं काय? उलट अट तुम्ही घाला: मशीनमध्ये स्टेशनरी येणार नाही, आणि आपल्या गल्लीत दुसऱ्या दुकानासमोर याच कंपनीचं मशीन लागणार नाही. आपोआप मुदतवाढीचं कलमही काढा. ते बसवतात तेच मुळी दुकानदार तारीख विसरेल या भरवशावर.

आणखी एक शक्यता बोलून ठेवते. कंपनी बंद पडली तर? अडीचशे-तीनशे किलोचं बंद मशीन दारात उभं राहील, फोन कुणी उचलणार नाही, आणि तुम्ही त्याला हातही लावू शकणार नाही, कारण ते तुमचं नाही. म्हणून करार संपल्यावर 15 दिवसांत मशीन त्यांच्या खर्चाने हलवायचं, नाहीतर दिवसाला इतकं भाडं, असं लिहून घ्या, आणि हलवण्याच्या खर्चापोटी थोडं डिपॉझिट त्यांच्याकडून घ्या. डिपॉझिट तेच तुमच्याकडे मागू लागले, किंवा मशीन तुम्ही विकत घ्या, दरमहा हमखास इतकं उत्पन्न देऊ असं म्हणू लागले, तर चहा पाजून निरोप द्या. हे पत्र वाचणाऱ्या इतरांनाही माझं हेच सांगणं आहे.

परवान्यांचं थोडक्यात. मशीनमधल्या मालासाठी अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी किंवा परवाना कंपनीच्या नावावर, तुमच्या पत्त्यासाठी हवा, आणि त्याचा क्रमांक मशीनवर दिसायला हवा. तुमच्या नोंदणीवर त्यांचा माल विकू देऊ नका. छापील एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही, "मशीनचा आकार" म्हणूनसुद्धा नाही. जवळ शाळा असेल तर तिच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, चरबी असलेले पदार्थ शाळेतल्या मुलांना विकण्यावर बंदी आहे, तेही मोजा. तुमच्या करसल्लागारांना एक गोष्ट विचारून घ्या: कमिशन हे सेवेचं उत्पन्न धरलं जातं. नुसता माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा 40 लाखांची आहे, सेवाही देणाऱ्याला 20 लाखांची. तुमची उलाढाल या दोन्हींच्या मध्ये असेल तर एवढ्याशा कमिशनसाठी नवीन काम मागे लागेल.

आता जे करारात कुणीच लिहीत नाही आणि ज्याची मला खरोखर काळजी वाटते, ते. मशीन लोखंडी, ओट्यावर उघड्यावर, पावसाळ्यात ओलं, आणि त्याला हात लावणारी मुलं सोळा-सतरा वर्षांची. गाळ्याची वायरिंग जुनी असेल आणि अर्थिंग नीट नसेल तर काय होऊ शकतं, हे मी लिहीत नाही. सहीच्या आधी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, मशीनसाठी वेगळी लाइन आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवून घ्या. खर्च कंपनीचा. तुमच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो, मशीनचा भार त्यात मावतो का तेही त्याच्याकडूनच समजून घ्या. बाकी सगळ्या कलमांवर थोडं मागेपुढे करा, यावर करू नका.

आणि बिस्किट अडकणारच. स्प्रिंग फिरते, पुडा अर्ध्यात लटकतो, पैसे गेलेले असतात. रात्री बाराला तो मुलगा मशीनला चार थापा मारून जाईल आणि सकाळी तुमच्याकडे येईल, "काकू, माझे 20 रुपये." त्याला कंपनी माहीत नाही. तो तुम्हाला ओळखतो. तुम्ही गल्ल्यातून 20 रुपये काढून द्याल, कारण तुमचा स्वभावच तसा आहे हे तुमच्या पत्रावरून कळतं. महिन्यात असं पंधरा वेळा झालं की 300 रुपये गेले, आणि ते कुठल्याच हिशोबात येणार नाहीत. मशीनवर मोठ्या मराठी अक्षरांत कंपनीचं नाव आणि तक्रारीचा फोन लावायला सांगा. 24 तासांत पैसे परत, हे करारात असू दे. तुम्ही स्वतः परत केलेच तर वहीत तारीख, वेळ आणि वस्तू लिहा, आणि ती रक्कम कमिशनसोबत तुम्हाला मिळेल असं ठरवा. तारीख उलटलेला माल निघाला तर त्याचंही तेच. गिऱ्हाइकाच्या लेखी ते मशीन तुमचंच आहे.

हे सगळं वाचून नकोच म्हणाल, तर तेही ठीक आहे. पण एक तिसरी वाट मला दिसते, तिचा विचार करा. लहान शहरात मशीन चालवणाऱ्याचा मोठा ताप म्हणजे माल भरणं. दोन-तीन दिवसांनी माणूस पाठवायचा, त्याचा पगार, पेट्रोल, आणि खण रिकामे राहिले तर बुडालेली विक्री. तुम्ही चार पावलांवर आहात आणि माल तुमच्याकडे आहेच. कंपनीला सांगा, मशीन अभ्यासिकेच्या आवारात त्यांच्या परवानगीने लावा, लाइट तिथली, आणि माल आम्ही भरतो. माल तुमच्या दुकानातून तुमच्या दराने जाईल, वर प्रत्येक फेरीचे ठरावीक पैसे. मग ओटा अडकत नाही, मालकांची परवानगी लागत नाही, आणि मशीन जितकं चालेल तितका तुमचाच माल खपेल. मात्र पैसे दर आठवड्याला चुकते व्हायला हवेत, उधारी साठू द्यायची नाही. जुना माल पुढच्या खणात आणि नवा मागे लावायची शिस्तही तुमची, कारण तारखेची जबाबदारी मग तुमच्यावर येईल. हे तुमचा मुलगा कॉलेज सांभाळून करू शकेल.

पुतण्याचं राहिलं. त्याने ओळख करून दिली, करार त्याचा नाही. त्याला या जोडणीचे काही पैसे मिळणार आहेत का, हे एकदा प्रेमाने आणि सरळ विचारा. मिळणार असतील तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण तुम्हाला ते माहीत असलेलं बरं. आणि कंपनीच्या माणसाशी बोलणी त्याच्यामार्फत करू नका. तो मध्ये असला की तुम्ही प्रत्येक कलमाला "असू दे" म्हणाल. त्याला म्हणा, बाळा, कागद वकिलांना दाखवते आणि मग कळवते. एवढ्याने त्याला वाईट वाटणार नाही.

तर आधी आठ रात्रींची वही, मग गाळ्याचा करार, मग मालक, मग इलेक्ट्रिशियन, आणि त्यानंतरच कंपनीचा माणूस. मशीन आलंच, तर दर महिन्याला सब-मीटरचं रीडिंग घेताना वही सासऱ्यांच्या हातात द्या.